उभी रवांदे

शिमगा सरल्यापासून भागी आडवी झाली नव्हती.

लवू माहूत पहाटे उठायचा आणि तोंडावर पाणी मारायच्याही आधी चिंचेखाली जायचा. आधी हत्तिणीकडे बघायचा नाही, जमिनीकडे बघायचा. हत्ती निजून उठला की मातीत त्याच्या कुशीचा ठसा राहतो, पाणी आटलेल्या डबक्यासारखा खोलगट, कडेकडेनं कातडीच्या सुरकुत्या. पण रुक्मिणीनं पसरलेला पेंढा रोज जसाच्या तसा असायचा. त्यावर रात्रीचं दव, चिंचेची गळलेली पानं, आणि शेजारी ती, बुंध्याला खांदा टेकून उभी. मग लवू तिच्या सोंडेवर हात ठेवायचा, दक्षिणेकडे, गावाच्या दिशेला तोंड करायचा आणि पुटपुटायचा, "बा रवळनाथा, माझी भागी उभी रवांदे."

उभी राहू दे. एवढंच. याहून जास्त मागायची त्याची छाती होत नव्हती.

पाय नासलेला हत्ती आपणहून निजत नाही. त्याला आतून कळतं. एवढं थोरलं अंग एकदा भुईला लागलं की त्या दुखऱ्या पायांवर पुन्हा उचलायचं नाही, आणि पडल्या जागी आपल्याच वजनाखाली जीव गुदमरायचा. संस्थानच्या हत्तीखान्यात लवू लहानाचा मोठा झाला तेव्हा तिथल्या बुढ्या उस्तादानं त्याला हे शिकवलं होतं. हत्तीशी बोलायचे शब्दही त्या उस्तादाचेच. 'मैल' म्हटलं की चालायचं, 'धत' म्हटलं की थांबायचं, 'बैठ' म्हटलं की बसायचं. शिमग्यापासून लवूनं 'बैठ' हा शब्द तोंडातून काढला नव्हता. घरात रुक्मिणी पाहुण्याला "बसा" म्हणाली तरी तो दचकून चिंचेकडे बघायचा.

भागीरथी हे तिचं दरबारी नाव. कोकणातल्या त्या चिमुकल्या संस्थानात दसऱ्याच्या दिवशी ती कपाळभर वेलबुट्टी काढून राजवाड्यासमोर उभी राहायची. संस्थान विलीन झालं, घोडे गेले, बग्ग्या गेल्या. हत्तीण नेणार कोण? तेव्हा दत्ताराम मुकादम पुढं आला. उभी हयात गिरणीत घातलेला माणूस. अंधेरीला, मरोळच्या वाटेवर, गाववाल्यांनी रवळनाथाचं देऊळ बांधलं होतं आणि मुकादमाला वाटे, गावाकडं होतं तसं सगळं इथं हवं. त्यानं भागी मागून घेतली. ती घाट चढून कोल्हापुरापर्यंत पायी आली, तिथून मालगाडीच्या उघड्या डब्यातून कुर्ल्याला, आणि कुर्ल्याहून अंधेरीपर्यंत पुन्हा पायी. वाटेत बाया तिच्या पायावर तांब्याभर पाणी घालत होत्या. लवू आणि रुक्मिणी तिच्याबरोबरच आली, लग्नात पाठराखीण येते तशी.

देवळामागं हत्ती बांधण्याजोगं झाड नव्हतं. चिंच होती सिसिलियाच्या वाडीत. सिसिलिया आणि तिचा नवरा ग्रेगरी तिथलीच, जुन्या गावठाणातली किरिस्ताव माणसं. थोडी भातशेती, केळी, आणि ग्रेगरीला कारखान्यात नोकरी. भागी पहिल्यांदा वाडीत शिरली तेव्हा तिनं सिसिलियाचा वाळत घातलेला झगा सोंडेनं उचलून डोक्यावर टाकला होता. सिसिलिया कमरेवर हात ठेवून म्हणाली होती, "ठेव गं, तुला मापाचा होत असला तर ठेव." तेव्हापासून चिंच भागीची झाली.

आणि मग माघात रस्ता नवा झाला. खडी पसरली, वर डांबर ओतलं. माघी गणपतीच्या मिरवणुकीत भागी त्यावरून चालली तेव्हा डांबर अजून निवलं नव्हतं. घरी आल्यावर तिच्या पुढच्या उजव्या पायाचा तळवा भाकरीच्या पापुद्र्यासारखा सुटून हातात आला, आणि डाव्यात खडीची कपची खोल रुतलेली सापडली. लवूनं कपची काढली. जखम भरली नाही. रुक्मिणी कडुलिंबाचा पाला उकळायची, हळद-खोबरेल कालवून तळव्यांना बांधायची, आणि बांधता बांधता गावाकडं जात्यावर गायची तशा ओव्या जुळवून गायची:

*माझ्या अंगणात उभा, काळा ढग गं पाण्याचा*
*त्याला आठव येतसे, बाई माहेरच्या रानाचा*

भागी कान हलवायची थांबून ऐकायची. पण जखमेला वास येऊ लागला होता, आणि वासाला ओवी कळत नाही.

ग्रेगरीनं ओळखीतल्या ढोरांच्या डॉक्टराला आणलं. त्यानं दोन्ही तळवे पाहिले आणि सांगितलं, पाऊस पडून गेल्याशिवाय हिला या वाडीबाहेर काढू नका, पाठीवर वजन नको. एवढं सांगून तो बराच वेळ तिच्या गुडघ्यावर हात ठेवून उभा राहिला. जाताना लवूच्या नजरेला त्यानं नजर दिली नाही.

चैत्रातली पुनव जवळ आली. त्या दिवशी रवळनाथाची स्वारी निघायची. देवाचा रुप्याचा मुखवटा अंबारीत, अंबारी भागीच्या पाठीवर, देवळापासून नाक्यापर्यंत आणि नाक्याला वळसा घालून परत.

दत्ताराम मुकादम एका सकाळी वाडीत आला. हातात केळ्यांचा घड होता.

"काय म्हणता तुझी राणी?"

"उभी हा," लवू म्हणाला.

"उभी हा मां? मगे झाला तर." मुकादमानं एकेक केळं सोलून तिला भरवलं. भागीनं तीन घेतली, चौथं सोंडेत धरून ठेवलं.

"मुकादमानु," लवू खाली बघत म्हणाला, "ह्या वर्साक तिका सोडा. देव खांद्यावरना न्हेया."

"खांद्यावरना सगळेच न्हेतत रे. परळात न्हेतत, भांडुपाक न्हेतत. आपलो देव हत्तीवरना जाता." मुकादमाचा आवाज चढला नाही, उलट खाली आला. "माझी नातवंडां हिच्या पोटाखालना काढलंय मी. भियाची सवय गेली त्यांची. माका काय हिची माया नाय?"

"डॉक्टर म्हणालो—"

"डॉक्टर ढोरांचो. ही काय ढोर हा?" मग तो म्हणाला, "हत्तीण तुझी नाय, माझीव नाय. जेची हा तेका विचारया. कौल लावया. देव म्हणालो रवांदे, तर माझो शबूद नाय."

हे ऐकलं आणि लवूचा जीव भांड्यात पडला. देवाला विचारायचं. देवाला काय दिसत नाही? पहाटेपहाटे तो त्यालाच तर सांगत होता.

कौल म्हणजे देवाचं उत्तर. देवाच्या मूर्तीला उजव्या अंगाला आणि डाव्या अंगाला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं आणि वाट बघायची. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. पण त्यांच्या गावच्या रीतीत एक मेख होती. गाऱ्हाण्यात 'नको' म्हणायचं नाही. ताप येऊ नको देऊ, असं मागायचं नाही. अंग थंड ठेव, असं मागायचं. अभद्र शब्द देवाच्या कानावर घालायचाच नाही. आणि एकदा कौल झाला की तीच गोष्ट पुन्हा विचारायची नाही. विचारली तर देवावर भरवसा नाही असा अर्थ होतो.

म्हणजे 'भागीला नेऊ नको' असं लवूला मागता येणार नव्हतं. त्यानं दोन दिवस मनात वाक्य घोळवलं. अखेर बसलं: भागी चिंचेखाली रवांदे. रुक्मिणीनं त्याच्याकडून ते म्हणवून घेतलं, शाळेतल्या पोराकडून पाढा म्हणवून घेतात तसं.

"इसरशात," ती म्हणाली. "देवळात गेल्यावर तुमची वाचा बसता."

"नाय इसरणा."

देवळात तो आला तेव्हा गाववाले दाटीवाटीनं बसले होते. भाऊ गुरवानं पाकळ्या लावून ठेवल्या होत्या. समईच्या उजेडात देवाचं काळं अंग ओलं चमकत होतं, आणि त्या काळ्या ओल्या अंगाकडे बघता बघता लवूला तळ्यातून बाहेर येणारी भागी दिसली. तरणी, चारही पाय धड असलेली.

"बोल रे," भाऊ गुरव म्हणाला. "काय घालू गाऱ्हाणा?"

लवूनं तोंड उघडलं. छातीत इतके दिवस साचलेलं एकदम वर आलं आणि पहाटेचेच शब्द बाहेर पडले, जिभेला वाट माहीत असलेले.

"माझी भागी उभी रवांदे."

भाऊ गुरवानं डोळे मिटले. त्याचा आवाज गाऱ्हाण्याला लागला की थांबत नसे. "बा देवा रवळनाथा, गावच्या राजा म्हाराजा. आज ह्यो तुझो लवू माहूत तुझ्या पायाकडे इलो हा. तुझी हत्तीण भागीरथी, ती तुझ्या दारात, तुझ्या स्वारीक, तुझी अंबारी घेवन उभी रवांदे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळं देऊळ म्हणालं.

लवूला वाटलं, थांब म्हणावं. हे माझं नव्हे म्हणावं. पण गाऱ्हाणं चालू असताना मध्ये बोलायचं म्हणजे देवाच्या तोंडावर हात ठेवायचा. उजव्या अंगाची पाकळी थरथरली, घसरली आणि देवाच्या पायाशी पडली.

लोकांनी हात जोडले. दत्ताराम मुकादम लवूजवळ आला आणि त्यानं त्याला पोटाशी धरलं. मुकादमाच्या गालांवरून पाणी वाहत होतं. "तूच मागलंस रे बाबा," तो म्हणाला. "तुझ्याच तोंडान मागलंस. माका वाटला होता, तू अडवशीत."

घरी रुक्मिणी दारात उभी होती. त्याच्या चेहऱ्यावरच तिनं वाचलं.

"काय बोललात?"

त्यानं सांगितलं.

तिनं हातातला कडुलिंबाचा पाला खाली ठेवला. मग म्हणाली, "चिंच म्हणूक काय जड होता? एक चिंच."

"दुसरो कौल लावूचो नसता."

"माका म्हायत हा काय नसता ता."

सिसिलिया कुंपणापलीकडून ऐकत होती. तिनं केळीची सोपटं भागीपुढं टाकली आणि म्हणाली, "लवू, मी फाटक लावून घेते. सांग जा त्यांना, किरिस्तावणीनं अडवलं म्हणून. माझ्यावर येऊ दे काय यायचं ते."

"नको, बाय," लवू म्हणाला. "देवान सांगल्यान ती उभी रवतली."

"देवानं सांगितलं, का तुमच्या त्या भाऊनं?"

खरी गोष्ट अशी होती की त्या दिवसापासून लवूच्या मनात एक वेडी आशा येऊन बसली होती. शब्द काही का असेनात, 'उभी रवांदे' हे त्यात होतंच. त्याला देवानं होय म्हटलं होतं. मग ती पडेलच कशी? रात्रभर तो हे स्वतःला समजावायचा आणि पहाटे पेंढ्यावर ठसा नसला की म्हणायचा, बघ.

पुनवेच्या दिवशी रुक्मिणीनं भागीला आंघोळ घातली. कपाळावर वेलबुट्टी काढली, कानांवर पांढरी फुलं. तळव्यांना गोणपाटाच्या घड्या बांधल्या, वरून तांबडा कपडा गुंडाळला, म्हणजे लोकांना नटवल्यासारखं वाटेल. कपडा बांधताना ती हळू आवाजात म्हणत होती:

*सासुरवाशीण भागीबाई, तुझं पाऊल दुखतं*
*दार देवाचं गं मोठं, तिथं कोण गं पुसतं*

अंबारी चढवायची तर हत्तीला बसवावं लागतं. लवूनं बसवलं नाही. देवळाच्या उंच जोत्याला तिला लागून उभी केली आणि जोत्यावरून चौघांनी अंबारी तिच्या पाठीवर सरकवली. मग मुखवटा आला. वजन पडलं तशी भागीच्या पुढच्या पायांची कातडी एकदा शहारली. लवू अंकुश न घेता तिच्या कानाशी चालत निघाला.

"मैल, बाये," तो म्हणाला. "मैल."

उन्हं अजून कलली नव्हती. ढोल वाजत होते. डांबर तापून मऊ झालं होतं, आणि थोड्याच वेळात गोणपाट फाटून त्याच्या चिंध्या मागं रस्त्यावर चिकटत राहिल्या. कुणी तरी हसून म्हणालं, "राणीसायबांचे पायमोजे गेले रे." लवूनं मागं पाहिलं. चिंध्यांवर ओलं होतं.

बायका दारादारात आरत्या घेऊन उभ्या होत्या. दर दाराशी 'धत' म्हणावं लागे, दर दाराशी ती थांबे, सोंड उचलून सलाम करी आणि पुन्हा 'मैल' म्हटलं की पाय उचले. राजवाड्यापुढं शिकलेली ती रीत तिच्या हाडांत होती. पण पाय उचलायला लागणारा वेळ वाढत चालला होता. दोन पावलांच्या मध्ये ती जणू काही आठवत असे.

नाक्यावर ती थांबली. लवूनं 'धत' म्हटलं नव्हतं.

"मैल," तो म्हणाला. तिनं पाय उचलला नाही. तिचे पुढचे दोन्ही पाय खालून वर कापत होते, ढोलाच्या कातड्यासारखे. पाठीवरची अंबारी हलून आतल्या मुखवट्याचा रुप्याचा आवाज येत होता. तिनं सोंड वळवली आणि लवूच्या खांद्यावर ठेवली, सगळ्या भारानिशी. ती उभी होती. तिला कुणी बसायला सांगितलं नव्हतं आणि सांगितल्याशिवाय ती बसली नसती. मेली असती तरी उभ्यानंच.

देव आपला शब्द पाळत होता. लवूला ते त्या क्षणी कळलं. असंच उभं राहायचं होतं तिला. असं. तो हेच रोज पहाटे मागत आला होता.

माघारी जोत्यापर्यंत ती पोचणार नव्हती. आणि तिनं बसल्याशिवाय पाठीवरचा देव उतरणार नव्हता.

गर्दीत रुक्मिणी होती. त्यानं तिच्याकडे पाहिलं. तिनं पदराचं टोक तोंडात धरलं होतं. तिनं मान हलवली नाही, होय म्हणून नाही की नाही म्हणून नाही. नुसती बघत राहिली.

लवूनं सोंड दोन्ही हातांनी धरली, तिच्या डोळ्यापर्यंत तोंड नेलं.

"बैठ," तो म्हणाला.

भागीनं कान मागं केले. 'मैल' तिला झेपलं नव्हतं, पण हा शब्द मात्र तिनं आयुष्यात पहिल्यांदाच ऐकून न ऐकल्यासारखा केला. तिलाही कळत होतं, या शब्दाचा आता अर्थ काय.

"बैठ, माझे बाये. झाला. पुरे झाला."

मग ती बसली. आधी मागचे पाय, मग पुढचे, हळूहळू, एखादं मोठं जुनं घर आपणच आपल्याला उतरवून ठेवावं तशी. कपाळ रस्त्याला टेकलं. अंबारीला जराही धक्का लागला नाही.

ढोल थांबले. गर्दीतून एका म्हातारीचा आवाज आला, "नमस्कार केल्यान गो. देवाक नमस्कार केल्यान."

आणि गर्दी फुटली. गुलाल उडाला, फुलं आली, बाया पोरांना पुढं घेऊन धावल्या, तिच्या कपाळाला हात लावून आपल्या कपाळाला लावू लागल्या. दत्ताराम मुकादमानं रस्त्यातच लोटांगण घातलं. "काय पुण्य केला आपण," तो सांगत सुटला होता, "काय पुण्य केला."

मुखवटा उतरवला. अंबारी उतरवली. थोडा वेळ वाट पाहून मुकादम लवूच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "उठय रे आता तिका. उशीर होता."

लवू तिच्या कपाळावरचा गुलाल पुसत राहिला.

"लवू?"

मुकादमानं त्याच्याकडे पाहिलं, मग भागीच्या पायांकडे. तांबडा कपडा कुठंच नव्हता. तळवे उघडे पडले होते. मुकादम पाहत राहिला. त्याच्या तोंडावरचा गुलाल तसाच होता, पण त्याच्याखालचा चेहरा विझून गेला. नंतर मागं वळून त्यानं माणसांना खूण केली; देवळातली पालखी आणून मुखवटा तिच्यात ठेवला गेला.

देव शेवटी खांद्यावरूनच गेला. ढोल वळणापलीकडं दूर दूर होत गेले.

नाक्यावर लवू डांबरावर बसला होता, भागीची सोंड मांडीवर घेऊन. सिसिलिया बादलीनं पाणी आणत होती, रुक्मिणी ते तिच्या कपाळावर, कानांवर घालत होती. भागीचा श्वास लांबून लांबून येत होता, मध्ये इतकी जागा सोडून की दर वेळी वाटे, हाच शेवटचा.

"काय सांगलात तिका?" रुक्मिणीनं विचारलं. तिला माहीत होतं, तरी विचारलं.

"बस म्हटलंय."

"बरा केलात," ती म्हणाली, आणि पुन्हा तांब्या बुडवला.

बायांनी लावलेल्या फुलांच्या पाकळ्या भागीच्या ओल्या कपाळाला दोन्ही अंगांना चिकटल्या होत्या. तिनं एक लांब श्वास सोडला तशी एक पाकळी सुटली आणि लवूच्या मांडीवर पडली. उजवीकडची की डावीकडची, ते त्यानं पाहिलं नाही. त्यानं ती बोटांनी उचलून बाजूला ठेवली आणि तिच्या डोळ्यावर येणारी माशी हाकलत राहिला.